हिवतापाचा काळा कण

अहमदपूर तालुका आज लातूर जिल्ह्यात असला, तरी १९५६ पर्यंत तो हैदराबादच्या मुलुखातील बीदर जिल्ह्यात मोडत असे. आणि हिवतापाच्या इतिहासातील सर्वांत मोठा शोध याच मुलुखात, सिकंदराबादेजवळील बेगमपेठेत लागला, याचा अभिमान मराठवाड्यानेही बाळगावा. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टराने, दर डासामागे एक आणा घेऊन स्वतःस चाववून घेणाऱ्या हुसेन खान या रुग्णाचे रक्त प्यालेला डास चिरला, तेव्हा त्याच्या जठराच्या भिंतीत काही गोल पेशी आणि त्यांत, रुग्णाच्या रक्तात आढळतात तसेच, काळे कण त्यास दिसले.

त्या कणातच औषधांची पुढील सारी कथा दडलेली आहे. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीतील रक्तद्रव्य खातो, आणि त्यातून सुटणारे लोहयुक्त विष स्वतःस बाधू नये म्हणून त्याचे काळे स्फटिक बनवून ठेवतो. १९३४ साली जर्मनीत तयार झालेले क्लोरोक्विन नेमक्या याच बंदोबस्तावर घाव घालते. विषाचे स्फटिक होत नाहीत आणि परजीवी आपल्याच अन्नाने मरतो. तत्पूर्वी आधार होता तो कोयनेलाचा. निलगिरी व दार्जिलिंग येथे कोयनेलाच्या झाडाची, म्हणजे सिंकोनाची, लागवड करून सरकारने त्या औषधाच्या पुड्या टपाल कचेऱ्यांतूनही विकविल्या. परंतु ते इतके कडू, आणि त्याने कान असे वाजत, की ताप उतरताच पुष्कळ रोगी ते सोडून देत.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई, असा अंदाज होता. १९५३ च्या राष्ट्रीय मोहिमेने, डीडीटी व क्लोरोक्विन यांच्या बळावर, १९६५ पर्यंत तो आकडा सुमारे एक लाखावर आणला. ही कामगिरी थोर होती, यात संशय नाही. परंतु १९७३ साली आसामच्या कार्बी आंगलाँग भागात क्लोरोक्विनास न जुमानणारा परजीवी सापडला, आणि १९७६ साली रुग्णसंख्या चौसष्ट लाखांवर गेली. त्या वाढीस डासांची कीटकनाशकांना न जुमानण्याची शक्ती व मोहिमेतील ढिलाईही कारण झाली. पण औषधापुरते पाहावे, तर परजीवीच्या एका प्रथिनात बदल होऊन ते औषध त्याच्या पचनकोशातून बाहेर लोटू लागले होते.

नव्या औषधांचा शोध त्याआधीच सुरू झाला होता आणि तो अजूनही सुरू आहे. चीनच्या तू योयो यांनी दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीपासून आर्टेमिसिनिन मिळविले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यापासून आर्टीथर सिद्ध केले. आर्टेमिसिनिन शरीरात अल्पकाळच टिकते, म्हणून त्यास दीर्घकाळ टिकणाऱ्या दुसऱ्या औषधाची जोड देतात. ईशान्य भारतात तो जोडीदारच निष्प्रभ ठरू लागल्याने २०१३ पासून तेथे आर्टेमेथर व ल्युमेफँट्रिन देण्यात येऊ लागले.

व्हायवॅक्स जातीच्या परजीवीमुळे होणाऱ्या हिवतापावर मात्र आपल्याकडे अद्याप क्लोरोक्विनच तीन दिवस देतात, आणि यकृतात दडून बसलेल्या परजीवींसाठी चौदा दिवस प्रायमाक्विन. तेव्हा थंडीताप आल्यास रक्त तपासून घ्या, आणि ताप उतरला तरी डॉक्टरांनी सांगितलेली शेवटची गोळी घेतल्यावाचून औषध थांबवू नका.