नगर हवेलीची सनद आणि तीन ठिकाणची दप्तरे

2 ऑगस्ट 1954 ची हकीकत आपल्या घराघरांत सांगितली जाते. त्यानंतर कागदांवर झालेली लढाई मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. दमणहून नगर हवेलीत ये-जा करण्याचा हक्क मागत पोर्तुगालने डिसेंबर 1955 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. आधार दाखवला तो पेशव्यांशी झालेल्या 1779 च्या तहाचा आणि 1783 व 1785 च्या सनदांचा. तहाच्या सतराव्या कलमाचे वेगवेगळे पाठ न्यायालयापुढे आले. 12 एप्रिल 1960 च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की या कलमातून सार्वभौमत्व दिल्याचे सिद्ध होत नाही; सनदांनी दिला तो वर्षाला 12,000 रुपये वसुलाचा सरंजाम, म्हणजे जहागीर. पुढे इंग्रजांच्या काळात पोर्तुगिजांचे स्वामित्व मान्य झाले, हेही त्याच निकालात आहे. सोयीचे तेवढेच सांगू नये.

या व्यवहाराचा मागोवा घ्यायचा तर पुण्याचे पेशवे दप्तर मोडीत, पणजी आणि लिस्बनची दप्तरे पोर्तुगीजमध्ये. दोन्हीकडचे कागद पडताळून पाहणारे पांडुरंग पिसुर्लेकरांसारखे अभ्यासक किती निघणार?

आता कागद स्कॅन होऊ लागले आहेत, ही चांगलीच गोष्ट. पण स्कॅन म्हणजे नुसता फोटो. 1885 मध्ये पोर्तुगिजांनी सिल्वासाला ‘पासो दार्कोस’ असे नाव दिले. त्या नावाखालचा कागद ‘सिल्वासा’ शोधणाऱ्याला सापडायचा कसा? आपली खेरडी घ्या. चिपळूणजवळही एक खेर्डी आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द सलग लिहिलेले. कागद कोणत्या गावचा, हे परगण्यावरून ठरवावे लागते. तारखांचेही तसेच. मराठी कागदावर शुहूर सन असतो. त्यात 599 किंवा 600 मिळवावे तेव्हा इसवी सन येतो. मृगाला वर्ष बदलते, त्यामुळे जूनच्या कागदाला विशेष जपावे लागते.

यावर उपाय जोडलेल्या माहितीचा, म्हणजे ‘लिंक्ड डेटा’चा. प्रत्येक गाव, माणूस आणि कागद यांना एकेक कायमचा क्रमांक द्यायचा. नावे कितीही असोत, ती सगळी त्या क्रमांकाखाली नोंदवायची. मग पुण्याच्या यादीतली सनद आणि पणजीच्या यादीतला त्याच व्यवहाराचा पत्रव्यवहार एकमेकांकडे बोट दाखवतात. मूळ कागद आपापल्या जागी राहतात, जोडल्या जातात त्या नोंदी. जनगणनेत प्रत्येक गावाला क्रमांक असतोच. सुरुवात तिथून करता येईल.

खरी अडचण संगणकाची नाही. मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी. आणि घाईत चुकीचा क्रमांक जोडला, तर चिपळूणची खेर्डी आपल्या पदरात पडेल आणि ती चूक प्रत्येक यादीत पसरेल. म्हणून ही जोड कोणी, कोणत्या कागदावरून लावली, हे नोंदीतच लिहिलेले हवे.

आपल्यापैकी काहींच्या घरी आजोबांच्या पेटीत पोर्तुगीज काळातल्या पावत्या, जमिनीचे कागद असतील. ते देऊ नका कोणाला. फोटो काढा, मागे गाव, साल आणि कोणाकडून आले ते लिहून ठेवा.