रात्री बारानंतर नाचायला बंदी

आजचा विषय जपानी शहरांच्या रात्रीचा. टोकियोची रात्र म्हटलं की आपल्याकडे काही ठरलेल्या गमती सांगतात. मधाच्या पोळ्यासारख्या कप्प्यात झोपायचं ते कॅप्सूल हॉटेल, खोली भाड्यानं घेऊन पहाटेपर्यंत गात बसायचं ते कराओके, चोवीस तास उघडी दुकानं. या गमती खऱ्याच आहेत. पण त्याच देशात 2016 पर्यंत रात्री बारानंतर, काही भागांत एकनंतर, क्लबमध्ये गिऱ्हाइकांना नाचू देणं हा गुन्हा होता, हे फारसं कुणी सांगत नाही. ही हकीकत ऐकली की मराठी माणसाला मुंबई आठवल्याशिवाय राहणार नाही. म्हणून आज दोन्ही शहरांच्या रात्री शेजारी शेजारी ठेवून पाहू.

आधी जपान. आजचं टोकियो म्हणजे जुनं एदो, शोगुनांचं सत्ताकेंद्र. 1617 साली शोगुनांनी तिथे योशिवारा या वस्तीला परवाना दिला. नाच, गाणं, वेश्याव्यवसाय, सगळं एका कुंपणात. 1657 च्या भीषण आगीच्या सुमारास ही वस्ती आसाकुसाच्या पलीकडे हलवली गेली, पण धोरण तेच राहिलं. रात्र मोडून काढायची नाही, तिला हद्द आखून द्यायची आणि हद्दीवर पहारा ठेवायचा.

पुढे 1945 साली जपान हरला. अमेरिकी फौजा आल्या. शहरं बेचिराख, पोटाची भ्रांत, काळा बाजार, आणि त्या सगळ्यात कॅबरे आणि डान्स हॉल. डान्स हॉल म्हणजे वेश्याव्यवसायाचं मागचं दार, अशी सरकारची समजूत होती. 1948 साली कायदा आला. जपानी लोक त्याला थोडक्यात ‘फूएइहो’ म्हणतात. त्याप्रमाणे गिऱ्हाईक नाचणार असेल तर मालकाला पोलिसांचा परवाना हवा. 1956 साली वेश्याव्यवसायाविरुद्ध वेगळा कायदा झाला, म्हणजे मूळ कारणाची सोय दुसरीकडे लागली. तरी नाचाचं कलम तसंच राहिलं. उलट 1984 च्या दुरुस्तीनं देशभर वेळेची मर्यादा बांधली गेली. रात्री बारा, काही भागांत एक.

आता एक व्यावहारिक गोष्ट लक्षात घ्या. टोकियोच्या आगगाड्या मध्यरात्रीनंतर थांबतात आणि पहाटे पाचच्या आसपास सुटतात. मुंबईच्या लोकलसारखंच. शेवटची गाडी चुकली की माणूस चार-पाच तास शहरात अडकला. या अडकलेल्या माणसावर जपाननं मोठा धंदा उभा केला. 1971 साली कोबे शहरात दाइसुके इनोऊए या वादकानं कराओकेची यंत्रं बारना भाड्यानं द्यायला सुरुवात केली. पेटंट मात्र घेतलं नाही. 1979 साली ओसाकात पहिलं कॅप्सूल हॉटेल उघडलं, आराखडा किशो कुरोकावा या नामवंत वास्तुविशारदाचा. म्हणजे रात्रभर गाता येत होतं, झोपता येत होतं, खाता-पिता येत होतं. फक्त नाचता येत नव्हतं.

मग क्लब कसे चालले? साध्या खानावळीच्या परवान्यावर. भिंतीवर पाटी, ‘इथे नाचू नये’, आणि समोर लोक नाचताहेत. पोलीस कानाडोळा करत. 2010 साली ओसाकात एका क्लबजवळ झालेल्या मारामारीत एक विद्यार्थी दगावला आणि अडगळीतला कायदा बाहेर निघाला. एप्रिल 2012 मध्ये ओसाकातल्या ‘नून’ या क्लबवर धाड पडली, मालकाला अटक झाली. आरोप काय, तर परवाना नसताना लोकांना नाचू दिलं.

इथे जपानी समाज हलला. वकील, संगीतकार आणि साधी नाचणारी मंडळी एकत्र आली. रियुइची साकामोतोसारख्या जगप्रसिद्ध संगीतकारानं पाठिंबा दिला. दीड लाखावर सह्या संसदेकडे गेल्या. 2014 साली ओसाकाच्या न्यायालयानं मालकाला निर्दोष ठरवलं. जून 2015 मध्ये कायदा बदलला आणि 23 जून 2016 पासून तो लागू झाला. ऑलिम्पिक टोकियोला येणार होतं, पाहुण्यांना रात्री बारा वाजता घरी पाठवणं परवडणारं नव्हतं, हेही एक कारण होतंच. मात्र पहाटेपर्यंत नाच चालवायचा तर जागा ठरलेल्या भागात हवी आणि उजेड दहा लक्सपेक्षा जास्त हवा. सिनेमागृहात मध्यंतराला असतो तेवढा. अंधाराची भीती थोडी शिल्लक राहिली, असं म्हणू.

आता मुंबईकडे वळू. 15 ऑगस्ट 2005 पासून महाराष्ट्रात डान्स बारवर बंदी लागू झाली. गृहखातं आर. आर. पाटील यांच्याकडे होतं. कारणं सांगितली ती अश्लीलतेची आणि तरुण पिढी बिघडण्याची. पण त्याच कायद्यात तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. नाच तोच, फक्त बिल मोठं. एप्रिल 2006 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली आणि 16 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. 75 हजारांवर स्त्रियांचा रोजगार गेला, याची त्या निकालात नोंद आहे. तरी 2014 साली राज्यानं सूट काढून पुन्हा बंदी आणली, 2015 मध्ये तिला स्थगिती मिळाली, 2016 मध्ये नवा कायदा आला. 17 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या सीसीटीव्हीसारख्या बऱ्याच अटी काढून टाकल्या. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ आणि नोटा उधळायला मनाई, हे मात्र ठेवलं. तेरा-साडेतेरा वर्षं कज्जा चालला. तेवढ्या काळात नाचणारीचं वय निघून जातं.

दोन्ही गोष्टींत साम्य पुष्कळ आहे. पण एक फरक मला मोठा वाटतो. जपानमध्ये नाचणारा हा गिऱ्हाईक होता. शिकलेला, शहरी, सही करू शकणारा. त्यानं आवाज उठवला आणि संसदेनं ऐकलं. मुंबईत नाचणारी ही कामगार होती. बेडिया, राजनट, कंजर अशा नाचावरच जगत आलेल्या जमातींतल्या कितीतरी जणी त्यात होत्या. बेडिया तर आमच्या शेजारच्या बुंदेलखंडातले, राई नाच त्यांचाच. आपल्याकडच्या कोल्हाटी समाजाची लावणीशी जशी जुनी गाठ, तशीच ही. राजाश्रय गेला, जत्रा आटल्या, म्हणून बाया शहरात आल्या. त्यांच्या अब्रूच्या नावावर कायदा झाला आणि त्यांच्याच पोटावर पाय आला. त्या संघटित झाल्या, मोर्चे काढले, पण सरकारनं मत बदललं नाही.

फौजेत अधिकाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. जो हुकूम पाळून घेता येणार नाही, तो देऊ नये. दिला तर हुकूम तुटतो आणि त्याबरोबर पुढच्या हुकमांची किंमतही जाते. ओसाकातली ती पाटी हे त्याचं उदाहरण. वेश्याव्यवसायात बळजबरी असेल, अल्पवयीन मुली असतील, तर त्यावर कठोर कारवाई हवीच, त्यासाठी वेगळे कायदे आहेत. पण ते काम अवघड, आणि नाच बंद करणं सोपं. दोन्हीकडच्या सरकारांनी सोपं काम आधी केलं.

मी हे बोलतोय कुंडममधून. जबलपूर जिल्ह्यातला हा गोंडांचा मुलूख. इकडे भादव्यात करमा असतो. मांदर वाजतो, बाया-पुरुष हातात हात धरून रात्रभर नाचतात. परवाना नाही, लक्स मोजायचं यंत्र नाही. आपल्याकडेही जागरण-गोंधळ रात्रीचाच, कोकणातला दशावतार रात्रीचाच. रात्री नाचणं ही विकृती नाही, ती जुनी रीत आहे. शहरात तिला पैसा चिकटतो, शोषण चिकटतं, हे खरं. तिथे कायद्यानं शोषण करणाऱ्याला धरावं आणि नाचणारीला तिचं काम करू द्यावं. एवढंच आज सांगायचं होतं. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.