हृदयविकाराच्या जोखमीचा अंदाज
पुढील 10 वर्षांत रुग्णाला हृदयविकार होण्याची शक्यता फॅमिली डॉक्टर पुष्कळदा अनुभवावरून ताडतात. एकट्या कोलेस्टेरॉलकडे लक्ष जाते. थोडा रक्तदाब, थोडी साखर, दोन-चार सिगारेटी यांची बेरीज मात्र नजरेतून सुटू शकते, आणि धोका तिथेच असतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅममध्ये 1948 साली 5,209 रहिवाशांवर सुरू झालेल्या अभ्यासातून जोखीम मोजण्याची गुणपद्धती घडली. ती प्रामुख्याने गोऱ्या लोकांवर बेतलेली. त्यामुळे ब्रिटनमध्ये एकूण जोखीम फुगलेली दिसे, दक्षिण आशियाई वंशाच्या रुग्णांची मात्र कमी. 2007 मध्ये तिथे ‘क्यूरिस्क’ हे जोखीम मोजण्याचे नवे साधन आले. त्यात वस्तीची गरिबी व पुढच्या वर्षीपासून वांशिक मूळही जमेस धरले गेले, ही मोलाची सुधारणा. आईवडील-भावंडांपैकी कोणाला साठीच्या आत हृदयविकार जडला का, हेही त्यात विचारतात.