ब्याऐंशी किलोमीटरवरचे ढग

बीडमध्ये जूनचा ढग बघायचा तो पावसासाठी. त्याच महिन्यात उत्तर युरोपात माणसं रात्री उत्तरेकडे तोंड करून उभी राहतात, ती एका वेगळ्याच ढगासाठी. निळसर रुपेरी, बारीक लाटालाटांचा हा ढग दिवस मावळल्यावर उजळतो. जमिनीवर अंधार पडला तरी त्याच्या उंचीवर ऊन असतं.

ऑगस्ट १८८३मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला. त्याच्या धुरळ्याने जगभर तिन्हीसांजा लालभडक झाल्या आणि अभ्यासक संध्याकाळचं आकाश निरखू लागले. त्या निरखण्यात जून १८८५मध्ये हे ढग नजरेत भरले. मॉस्कोत खगोलशास्त्रज्ञ त्सेरास्कीने त्यांची नोंद केली. ज्वालामुखीचीच धूळ असणार, असं तेव्हा पुष्कळांना वाटलं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते बर्लिनच्या खगोलशास्त्रज्ञ ओटो येसेचं काम. १८८९मध्ये त्याने एकमेकांपासून लांबच्या ठिकाणांहून एकाच क्षणी त्याच ढगाचे फोटो घेतले. समजा, एक जण बीडला आहे, दुसरा गेवराईला. ढगाचं जे टोक बीडकराला एखाद्या ताऱ्याला टेकलेलं दिसेल, तेच गेवराईकराला त्या ताऱ्यापासून सरकलेलं दिसेल. दोन गावांतलं अंतर आणि हे सरकणं कळलं की त्रिकोण मांडून उंची काढता येते. उत्तर आलं सुमारे ८२ किलोमीटर! पावसाचे उंचातले उंच ढगही वीसेक किलोमीटरच्या आतच थांबतात. आजची उपकरणंही येसेचाच आकडा सांगतात.

तिथे असतात बर्फाचे अतिसूक्ष्म कण, बहुधा उल्कांच्या राखेवर गोठलेले. उन्हाळ्यात ध्रुवांकडची त्या थरातली हवा वर चढते, पसरते आणि उणे १२० अंशांच्याही खाली गारठते. बीड १९ अक्षांशावर. इथे तो थर इतका थंड होत नाही, म्हणून हे ढग आपल्या वाट्याला येत नाहीत.

पण अंधार पडताना उजळणारा एक ढग भारतातून सोडला गेला. २१ नोव्हेंबर १९६३ला केरळातल्या थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं. ही जागा निवडण्यात कोल्हापूरचे शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस यांचा मोठा वाटा होता. रॉकेटने उंचावर सोडियमची वाफ सोडली, मावळलेल्या सूर्याच्या उजेडात ती नारिंगी चमकली. वेगवेगळ्या ठिकाणांहून तिचे फोटो घेऊन वरच्या वाऱ्यांचा वेग आणि दिशा काढली गेली, येसेच्याच रीतीने.