तिसरं चाक डावीकडं

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, किकही उजव्याच पायाला. डाव्या पायाकडं काम एकच, मागचा ब्रेक. माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं नेला, त्यामुळं ही फटफटी आपल्यासाठीच बनवलीय असं मला वाटायचं. ब्रेकचं काहीतरी करता येईल. खरी अडचण थांबल्यावरची होती. लोह्याच्या बाजारात म्हैस आडवी आली की गाडी थांबते आणि माणूस डावा पाय टेकतो. टेकायला माझ्याकडं तोच नव्हता. लोकांना वाटतं साइडकार बायको-पोरांना बसवायला असते. आमच्याकडं ती पाय म्हणून आली.

इंग्लंडात साइडकार रस्त्यावर दिसायला लागली ती 1903 च्या सुमारास. पहिल्या महायुद्धात तिच्यावर मशीनगन बसली, जखमीही वाहिले गेले. पुढं स्वस्त मोटारी आल्या आणि तिकडं तिची गरज सरली. आपल्याकडं 1955 मध्ये मद्रासला एन्फिल्ड बुलेट जुळवायला सुरुवात झाली. मराठवाड्यात ती आधी फौजदाराच्या, मग बड्या बागायतदाराच्या दारात दिसायची. माझ्यापर्यंत आली ती भंगाराच्या भावात, कितव्या हातानं कोण जाणे.

पण ती कापायची, जोडायची कला नांदेड-लातूरला कुठून आली? इथं मोटारीचा कारखाना कधीच नव्हता. नांदेडची उस्मानशाही मिल सुताची. लातूरला 1911 मध्ये बार्शी लाइटची अडीच फुटी रेल्वे आली, तिची वाघीण कापूस आणि शेंगदाण्याची. लोखंडाचं ज्ञान आमच्याकडं रस्त्यानं आलं असं मी मानतो. 1932 मध्ये निजामाच्या रेल्वेनं बसखातं काढलं आणि हैदराबाद संस्थानाच्या रस्त्यांवर अल्बियन बसगाड्या धावू लागल्या. (बुलेटचा गिअरबॉक्सही अल्बियनच, पण ती कंपनी वेगळी. या एका नावावरून आमच्या गॅरेजात पैजा लागायच्या.) बस आली की डेपो आला, डेपोमागं फिटर, लोहार, पत्रेवाला. 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, 1961 ला एसटी महामंडळ झालं, पाट्या बदलल्या. पान्यावरचे हात तेच राहिले. देगलूर नाक्यावरचे माझे उस्ताद त्याच घराण्यातले. त्यांचे वडील निजामाच्या बसखात्यात फिटर होते. माप इंचात, हिशेब उर्दूत, शिवी मराठीत, असा त्यांचा कारभार. पाय गेलेल्या पोराला लेथवर उभं कसं करणार, म्हणून त्यांनी मला जमिनीवर बसवलं आणि वेल्डिंगचा होल्डर हातात दिला.

त्याचा फायदा असा झाला की चासी मी नेहमी खालून पाहिली. इतर मिस्त्री गाडी स्टँडवर घेऊन वरून बघतात, वाकतात, कंबर धरतात. मी मुळातच खाली. फळीला चार बेअरिंगं ठोकून तिच्यावर बसायचं आणि गाडीभोवती फिरायचं. जड नळी एकट्याला उचलता येत नाही, म्हणून छताच्या कैचीला साखळी बांधून ती टांगायची, विटांवर टेकवायची आणि मगच टाका मारायचा. उभं राहून घाईनं मारलेल्या टाक्यापेक्षा हा टाका चांगला बसतो, असं माझं आजही म्हणणं आहे. धडधाकट कारागिरांना ते पटत नाही.

साइडकारच्या चासीत नळ्या वाकवणं ही अर्धीच विद्या. ती बुलेटला चार ठिकाणी धरायची, दोन सांधे खाली, दोन वर. तिचं चाक बुलेटच्या मागच्या चाकाच्या रेषेत ठेवायचं नाही, 6 ते 9 इंच पुढं न्यायचं; नाहीतर उजवीकडं वळताना गाडी नाकावर यायला बघते. ते चाक किंचित आतही वळवायचं, पुढच्या बाजूला अर्धा-पाऊण इंच. आणि बुलेट स्वतः सरळ उभी करायची नाही, उजवीकडं कणभर झुकती ठेवायची. कारण आपला रस्ता मधे उंच, कडेला उतरता. सरळ लावलेली गाडी दिवसभर डावीकडच्या चारीकडं ओढत राहते. हे सगळं आम्ही ओळंबा, गुण्या आणि दोन सुतळ्यांवर करायचो. उस्ताद सुतळी ताणून एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, “रस्सी झूट नै बोलती.” मी लावलेल्या साइडकारला रिक्षाचं 4.00-8 चं छोटं चाक होतं. बुलेटच्या 19 इंची चाकाशेजारी ते विनोदी दिसायचं, पण टायर कुठंही मिळायचा.

ब्रेकचा तोडगा असा: मागच्या ब्रेकची सळई काढून तिथं केबल घातली आणि पुढची-मागची दोन्ही केबली उजव्या हाताच्या एकाच लिव्हरला, मधे तराजूसारखी पट्टी देऊन, जोडल्या. लिव्हर लांब केली, कारण दोन ड्रम दाबायला जोर लागतो. पाय गेलेल्या माणसाच्या मनगटात जोर असतोच, कुबडीनं तो दिलेला असतो.

अशी गाडी चालवणं म्हणजे सगळं नव्यानं शिकणं. रेस दिली की ती डावीकडं ओढते, ब्रेक दाबला की उजवीकडं सरकते. मोकळी साइडकार डाव्या वळणावर चाक उचलते, म्हणून मी तिच्यात ज्वारीचं पोतं टाकून नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जायचो. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथं गोल फिरताना पोतं असूनही हँडल दोन्ही हातांनी धरावं लागे. पोतं दिसलं की कुणीतरी विचारायचंच, “मामा, ज्वारी कितीला दिली?”

कायद्याचं गणित मात्र सुतळीनं सुटेना. मोटारीच्या 1939 च्या कायद्यात आणि पुढं 1988 च्या कायद्यातही अपंगाच्या गाडीची व्याख्या होती, पण ती गाडी मुळातूनच अपंगासाठी आखून बांधलेली हवी; साधीच गाडी घेऊन केवळ फेरफार केलेली चालायची नाही. आता लातूर-नांदेडात मुळातून तशी बांधलेली गाडी विकणारं दुकान मी तरी पाहिलं नाही. म्हणजे ज्याच्यासाठी व्याख्या केली, तोच तिच्याबाहेर. तपासणीला गेलं की साहेबाचा मूड हाच कायदा. 2019 च्या दुरुस्तीनं ही व्याख्या काढली आणि मंजुरी घेऊन फेरफार केलेल्या गाडीला कायद्यात जागा दिली. आम्ही तोवर म्हातारे झालो होतो.

साइडकारचं काम त्याआधीच ओसरलं. 1984 मध्ये कायनेटिक होंडा आली, गिअर नाही, किकची सक्ती नाही, बटण दाबलं की सुरू. पण आमच्या गॅरेजात खरा बदल झाला तो 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर. औसा, निलंगा भागातून माणसं यायला लागली. एकजण दोन्ही पायांनी गेलेला. घराची माळवदाची माती अंगावर पडली होती. त्याला साइडकार काय कामाची? त्याला दोन्ही बाजूंनी आधार हवा आणि पायाला काहीच काम नको. मग स्कूटरला मागं दोन्हीकडं एकेक चाक, अशा जोडण्या सुरू झाल्या. दिसायला सोपं, पण मागं तीन चाकं एका ओळीत आली की खड्ड्यात मधलं चाक अधांतरी राहतं आणि जागीच गरगरतं. बाजूची दोन गाडीला उचलून धरतात. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळे हात आणि वेगवेगळे शॉकअप द्यायचे. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त किटमध्ये बऱ्याचदा एकच सरळ दांडा असतो. आमचे रस्ते त्या दांड्याच्या लायकीचे नाहीत.

भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला; 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. माझ्यासारखं गिऱ्हाईक आता नव्यानं जन्माला येत नाही, आणि धंदा बुडाल्याचा याहून मोठा आनंद मला होणार नाही. आता येतात ते अपघातातले. शिवाय अधूनमधून एखादा हौशी पोरगा, बुलेटला शोलेसारखी साइडकार लावून द्या म्हणून. त्याला मी आधी विचारतो, कुठला पाय अधू आहे? तो हसतो.

गेल्या वीसेक वर्षांत बुलेटचा गिअर डाव्या पायाकडं गेला आणि ब्रेक उजवीकडं आला. म्हणजे माझी जुनी सोय उलटी झाली: ब्रेक आता मला फुकट मिळतो, गिअर मिळत नाही. त्यावरही मी काम करून ठेवलंय. गिअरच्या दांडीला एक आडवी सळई, तिच्या टोकाला बॉलजॉइंट, तिथून वर साइडकारच्या डाव्या-पुढच्या सांध्यालगत एक हाताचा दांडा. क्लच सोडायला तोच डावा हात लागतो, म्हणून क्लचची दुसरी लिव्हर त्या दांड्याच्या मुठीतच बसवलीय: मूठ आवळली की क्लच, पुढं ढकललं की गिअर वर, मागं ओढलं की खाली. चौथ्यापर्यंत गुळगुळीत जातो. पाचव्याला अजून थोडा अडतो, तिथं सळई सूतभर कमी करायची आहे.