उमेदवाराचा वाटा

वैनगंगा आपला दक्षिणेचा मार्ग क्षणभर सोडून जेथे उत्तरवाहिनी होते, तेथे गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याचा देवालयसमूह उभा आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७५ च्या दौऱ्यात येथे आला, तेव्हा त्याने हे आवार १९६ फूट लांब व ११८ फूट रुंद भरल्याची नोंद केली आणि येथील कोरीव कामाची मुक्तकंठाने प्रशंसा केली. थरावर थर चढवून, देवता, अप्सरा आणि हत्ती यांनी भिंतीचा इंचन् इंच सजवणारे हे काम एकट्या कोणा प्रतिभावंताचे नव्हे. त्यामागे आचार्यापासून नवशिक्या पोरापर्यंत शेकडो हात होते, आणि ते हात एका मर्यादेने बांधलेले असल्याशिवाय असे काम तडीस जाणे अशक्य होते.

ही मर्यादा कोणती, याचे उत्तर मार्कंड्याच्या भिंती देत नसल्या तरी प्राचीन कारागिरांचा शिरस्ता धर्मशास्त्रकारांनी नोंदून ठेवला आहे. बृहस्पतीने शिल्प्यांच्या चार पायऱ्या सांगितल्या: शिकणारा, जाणता, कुशल आणि आचार्य, आणि मिळकतीतून त्यांना अनुक्रमे एक, दोन, तीन व चार वाटे द्यावेत असे ठरवून दिले. या व्यवस्थेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे तो पहिला वाटा होय. ज्याच्या टाकीला अद्याप वळण लागलेले नाही, ज्याच्या हातून दगड बिघडण्याचीच भीती अधिक, त्या उमेदवारालाही समुदायाने आपल्यात हक्काचे स्थान दिले. मात्र पुढचे वाटे मागून मिळणारे नव्हते, ते कामाने आणि वर्तनाने कमवावयाचे होते.

हा करार एकतर्फी नव्हता. शिष्याने मुदत ठरवून गुरूच्या घरी राहावे, आणि विद्या मुदतीपूर्वीच हस्तगत झाली तरी ती पुरी होईपर्यंत राहून कामाचे फळ गुरूला द्यावे, असे याज्ञवल्क्य म्हणतो. नारद गुरूलाही तितक्याच कसोशीने बांधतो: त्याने शिष्याला पुत्रवत वागवावे, पोटाला घालावे, विद्या शिकवावी आणि तिच्याखेरीज अन्य कामास जुंपू नये. शिकणाऱ्याची अधीरता आणि शिकवणाऱ्याची मिजास, हे ज्ञानाच्या देवघेवीचे दोन्ही शत्रू या स्मृतिकारांनी अचूक ओळखले होते.

मार्कंड्याची देवळे साधारणतः ज्या कालखंडातली मानली जातात, त्याच अकराव्या शतकात धारेच्या भोजराजाने ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात स्थपतीची लक्षणे सांगताना शास्त्र, कर्म आणि प्रज्ञा यांच्या पंक्तीला शील बसवले. केवळ शास्त्र जाणणारा प्रत्यक्ष कामाच्या वेळी रणांगणावरच्या भित्र्यासारखा गांगरतो, केवळ हातकाम जाणणारा आंधळ्यासारखा दुसऱ्याच्या आधाराने चालतो, हे तर भोज सांगतोच. परंतु क्रोध, द्वेष आणि लोभ यांनी चित्त भलतीकडे गेले की सर्व विद्या असूनही काम बिघडते, हेही तो बजावतो. एक थर ओळंब्याबाहेर गेला, तर ती चूक झाकून वर दुसरा थर चढवणाऱ्याचे कौशल्य सर्वांनाच घातक ठरते. ती तेथल्या तेथे कबूल करणारा मात्र सगळ्या भिंतीचे रक्षण करतो. शील हे म्हणून कारागिरीचे अलंकरण नसून तिचे अंग आहे.

अशा शीलातूनच पत निर्माण होते. नाशिकच्या लेण्यांतील लेखाप्रमाणे नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने भिक्षूंच्या निर्वाहासाठी ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे सोपवले: २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० शेकडा पाऊण व्याजाने. राजघराण्यातला पुरुष मागावर बसणाऱ्यांच्या हाती अक्षय ठेव देतो, याचे कारण त्या श्रेणींचा पिढ्यान्‌पिढ्या जपलेला इतबार हेच असले पाहिजे. असा इतबार कोणा एकाचा नसतो. श्रेणीतला कनिष्ठातला कनिष्ठ मनुष्यही खोटे वागून तो बुडवू शकतो, आणि खरे वागून वाढवूही शकतो.

आज गडचिरोलीतला मुलगा संगणकाची विद्या शिकतो, तेव्हा त्याचे आचार्य बहुधा त्याने कधी न पाहिलेले, दूरदेशीचे अनोळखी जाणकार असतात, आणि ते त्याच्याकडून दक्षिणाही घेत नाहीत. तरीही जुना दस्तुर जसाच्या तसा लागू पडतो. विचारण्यापूर्वी स्वतः प्रयत्न करावा. विचारताना कोठवर पोहोचलो आणि कोठे अडलो ते नीट सांगावे. दुसऱ्याचे काम आपले म्हणून मिरवू नये. उत्तर लाभले की उपकार मानावेत आणि पुढे आपल्या मागून येणाऱ्याला तेच उत्तर न कंटाळता द्यावे. जाणत्यांनीही नवख्याचा भाबडा प्रश्न ऐकून त्याची नालस्ती करू नये, कारण पहिला वाटा त्याच्या हक्काचा आहे. ज्या समुदायात तो वाटा नाकारला जातो, तेथे चौथा वाटा घेण्याच्या योग्यतेचा आचार्य पुढच्या पिढीत निपजत नाही.