घडीची उचलभुजा : एका यंत्रयुक्तीचे तीन पूर्वज

विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव-स्पर्धांत दिसणारी घडीची उचलभुजा ही वरवर पाहता अगदी अलीकडची निर्मिती वाटते. दोन समांतर दंड, चार सांधे, पुढे पकड आणि मागे मोटर एवढाच तिचा पसारा. तिचे मूळ सामान्यतः जेम्स वॉटच्या वाफेच्या एंजिनात शोधले जाते. हे मत चुकीचे नसले तरी अपुरे आहे. या भुजेत तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे एकवटली आहेत, आणि ती तीन निरनिराळ्या काळी, तीन निरनिराळ्या गरजांपोटी सापडलेली आहेत.

प्रथम स्पर्धेचे स्वरूप पाहणे इष्ट ठरेल. अमेरिकेत १९८९ साली स्थापन झालेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेने १९९२ पासून शालेय विद्यार्थ्यांसाठी अशा स्पर्धा भरविण्यास आरंभ केला. तिच्या २०११ सालच्या स्पर्धेत हवा भरलेल्या नळ्यांचे आकार उंच खुंट्यांवर अडकवावयाचे होते. खेळ सुरू होताना यंत्र २८ इंच रुंद, ३८ इंच लांब व ६० इंच उंच एवढ्या मापात बसणे आवश्यक होते. पुढे ते पसरले तरी ८४ इंच व्यासाच्या कल्पित दंडगोलाबाहेर जाऊ नये, असा निर्बंध होता. घडी ही येथे हौस नव्हे. ती नियमाने लादलेली गरज होय. बांधणीला सुमारे सहा आठवडे मिळत.

पहिला प्रश्न असा की, भुजा वर जाताना पकड तिरपी होऊ नये. समांतरभुज चौकोन हे त्याचे उत्तर. त्याचा भारविषयक नियम १६६९ साली फ्रेंच गणिती रोबेर्वाल याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलेल्या तराजूत प्रकट झाला. त्या तराजूत वजन पारड्याच्या मध्यावर ठेवा की कडेवर, तोल बदलत नाही. तत्कालीन विद्वानांना हे कोडेच वाटले. कारण मात्र सरळ आहे. पारडे स्वतः फिरत नाही, केवळ वरखाली सरकते. म्हणून त्याचा प्रत्येक बिंदू सारखाच चढतो वा उतरतो. दुकानांतील टेबलावरच्या दोन पारड्यांच्या काट्यात हेच तत्त्व वापरलेले असते.

दुसरा प्रश्न जागेचा. वॉटच्या आधीच्या एंजिनांत दट्ट्या साखळीने तुळईला जोडलेला असे, आणि साखळी केवळ ओढू शकते. दट्ट्या दोन्ही दिशांना जोर लावू लागताच त्याला ढकलू शकणारी, तरीही त्याचा दांडा सरळ रेषेत ठेवणारी जोडणी आवश्यक झाली. १७८४ च्या एकस्वात वॉटने ती दिली. परंतु तिच्या मूळ रूपातील दंड तुळईच्या टोकापलीकडे पसरत व एंजिनघर लांबवावे लागे. तेव्हा त्याने तीत समांतरभुज चौकोनाची भर घालून सारी रचना तुळईखालीच सामावली. उतारवयात पुत्राला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या इतर कोणत्याही शोधापेक्षा या शोधाचा अधिक अभिमान वाटत असल्याचे नमूद केले आहे.

तिसरा प्रश्न भार तोलून धरण्याचा. मोटारींच्या स्प्रिंगरचनेत निष्णात असलेल्या जॉर्ज कार्वर्डाइन या इंग्रज अभियंत्याने १९३२ साली टेबलावरील दिव्याच्या घडीच्या भुजेच्या एकस्वासाठी अर्ज केला. पायथ्याशी बसविलेल्या स्प्रिंगा भुजेचा भार पेलत, त्यामुळे दिवा हाताने नेला तेथे स्थिर राही. स्पर्धेतील यंत्रांत स्प्रिंगा अथवा ताणलेल्या रबरी नळ्या हेच काम करतात व मोटरचा भार हलका करतात.

या तीन उत्तरांचा मेळ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १०० सेंटिमीटर लांबीची भुजा जमिनीपासून १२० सेंटिमीटरवर बसविली आणि ती क्षितिजाखाली ६० अंशांपासून क्षितिजावर ६० अंशांपर्यंत फिरली, तर तिचे टोक सुमारे ३३ सेंटिमीटरपासून २०७ सेंटिमीटरपर्यंत चढते. म्हणजे उचल १७३ सेंटिमीटर. घडीच्या स्थितीत मात्र ती केवळ ५० सेंटिमीटर आडवी जागा व्यापते. पकडीत ३ किलोग्रॅम वस्तुमान असल्यास, भुजेचा स्वतःचा भार सोडून, आडव्या स्थितीत सुमारे २९ न्यूटन-मीटर आघूर्ण लागते. दोन्ही टोकांना त्याच्या निम्मे पुरते. वस्तू पकडीपुढे कितीही दूर असली तरी या आकड्यात फरक पडत नाही. रोबेर्वालचा नियम तो हाच.

येथेच नवशिक्या संघांची फसगत होते. मोटरला जे जाणवत नाही ते दंडांना जाणवते. दोन दंडांत १० सेंटिमीटर उभे अंतर असून वस्तू सांध्यापुढे ४० सेंटिमीटर असेल, तर आडव्या स्थितीत वरच्या दंडावर भाराच्या चौपट ताण व खालच्यावर तितकाच दाब येतो. भुजा ६० अंशांवर जाताच दंडांतील लंबांतर निम्मे होते आणि हे बल दुप्पट होते. उभ्या स्थितीच्या जवळ तर दंड जवळजवळ एकमेकांवर येतात. शिवाय संपूर्ण यंत्र पुढे कलंडण्याचा धोका राहतोच. युक्तीने भार नाहीसा होत नाही, तो दुसरीकडे जातो.

या परंपरेचा एक धागा महाराष्ट्रातही पोचला आहे. आशिया-पॅसिफिक विभागातील महाविद्यालयीन संघांची ‘रोबोकॉन’ स्पर्धा २००२ साली तोकियो येथे सुरू झाली. २००८ साली ती पुण्यात भरली, तेव्हा तिचा विषय गोविंदा व दहीहंडी हा होता. उंच टांगलेल्या हंडीपर्यंत पोचण्यासाठी गोविंदा थरावर थर रचतात. यंत्राला तीच उंची आपल्या अंगातून उलगडून काढावी लागते.

तेव्हा विद्यार्थ्याच्या भुजेत नवे काय, हा प्रश्न उरतो. सांधे जुने, नियम जुने, स्प्रिंगही जुनी. परंतु रोबेर्वालला जागेची चिंता नव्हती, वॉटला पारडे समतल ठेवावयाचे नव्हते, आणि कार्वर्डाइनचा दिवा कोणतेही ओझे उचलीत नव्हता. तिघांची उत्तरे एकाच मापाच्या चौकटीत, ठरलेल्या मुदतीत जुळविणे आणि कोणत्या लाभासाठी कोणती किंमत मोजावयाची हे ठरविणे, हे विद्यार्थ्याचे स्वतःचे कार्य. अभिकल्प या शब्दाचा खरा अर्थ यातच आहे.